पाथरी–सोनपेठ–परळी : काळ्या मातीतील वाट

मराठवाड्याच्या नकाशावर पाथरी आणि परळी वैजनाथ ही दोन गावे जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत. पाथरी गोदावरीच्या उत्तरेला, परळी दक्षिणेला बालाघाटाच्या पायथ्याशी. आणि या दोहोंच्या मध्ये, नदी ओलांडल्यावर, वाण नदीच्या काठी परभणी जिल्ह्यातील सोनपेठ. सरळ रेषेत मोजले तर पाथरी ते परळी हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. रस्त्याची वळणे धरली तर पंचावन्न-साठ. वाटेत घाट नाही, बोगदा नाही, अरण्य नाही. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तेथवर काळे रान, मधूनमधून लिंब आणि बाभळी, आणि क्षितिजाला टेकलेला एखादा तांडा.

एवढ्याशा वाटेला आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८ ब असे भारदस्त नाव आहे. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग सांगतात, अशी ती पद्धत. म्हणजे दिल्लीहून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूरमार्गे चेन्नईला जाणाऱ्या ४८ क्रमांकाच्या महामार्गाची ही शाखा ठरते. जालना जिल्ह्यातील मंठ्यापासून निघून देवगाव फाटा, सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई, लातूर, औसा, उमरगा, मुरूम, अक्कलकोट, विजापूर, अथणी, चिकोडी असे करीत ती संकेश्वरजवळ मूळ महामार्गाला मिळते. कागदावर सोनपेठचा मोंढा आता थेट कर्नाटकाशी जोडलेला आहे. प्रत्यक्षात सोनपेठच्या माणसाला या महामार्गाचा पाथरी ते परळी हाच तुकडा रोज लागतो, आणि त्याचे सुखदुःखही तेवढ्याच तुकड्याशी बांधलेले आहे.

याचे कारण लोहमार्गात आहे. मनमाडहून जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, नांदेड असा सिकंदराबादला जाणारा निजाम राज्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. पुढे १९२० चे दशक संपता संपता परभणीहून गंगाखेडवरून परळीला दुसरा फाटा गेला. पहिला मार्ग पाथरीच्या उत्तरेकडून निघून गेला, दुसरा सोनपेठच्या पूर्वेकडून. पाथरी तेव्हाही मोठे गाव होते, सोनपेठ तेव्हाही पेठ होती; पण रूळ दोघांच्याही दाराशी आले नाहीत. सेलूला आगगाडी आणि परळीला आगगाडी, मध्ये मात्र केवळ गाडवाट. दोन लोहमार्गांना जोडणारा, पण स्वतः लोहमार्गाला पारखा झालेला असा हा पट्टा आहे. मराठवाड्यात सेलू, मानवत, परभणी, नांदेड या गावांनी जिनिंगच्या भोंग्यावर आपली घड्याळे लावली त्या काळात सोनपेठची सरकी आणि रुई बैलांच्या खांद्यावरून स्टेशनापर्यंत जात होती. पेठेच्या वाढीला तेथेच एक मर्यादा पडली, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

वाटेचा प्रारंभ पाथरीपासून धरावा. कल्याणहून अहिल्यानगर, माजलगावमार्गे परभणी, नांदेड आणि पुढे निर्मलला जाणारा मोठा रस्ता, पूर्वीचा क्रमांक २२२ आणि आताचा ६१, येथे आडवा जातो. पाथरीचे जुनेपण इतिहासात ठळक आहे. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार पाथरीच्या नावाने ओळखले जात असे. त्याहूनही मनोरंजक गोष्ट त्याआधीची. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फिरिश्ता लिहितो. आपल्या पूर्वजांचे गाव दुसऱ्या सुलतानाच्या ताब्यात असावे हे बुऱ्हाण निजामशहाला सोसवेना. वऱ्हाडच्या इमादशहाकडे त्याने पाथरीच्या बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, नकार येताच १५१८ साली चाल करून ते घेतले. गादीवर बसलेल्या सुलतानालाही वतनाच्या गावाची ओढ सुटत नाही, हे वतनाचे मोल जाणणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. अलीकडे पाथरीचे नाव गाजले ते श्री साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी निधीची घोषणा झाली, आणि तिच्या निषेधार्थ शिर्डी बंद राहिली. बाबांच्या गुरूंची परंपरा सेलूशी जोडणारेही आहेत. म्हणजे त्या परंपरेचे दोन्ही दुवे याच महामार्गावर येतात.

पाथरी सोडून दक्षिणेकडे निघाले की काही वेळातच जमीन उतरू लागते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणी या भागाला पाणी देतो, म्हणून येथे कापूस-सोयाबीनच्या जोडीला उसाचे फड दिसतात. हा गंगथडीचा मुलूख. गोदावरीला येथे कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. ‘गंगेला पाणी आले’ हे दोन-तीन शब्द पावसाळ्यात साऱ्या व्यवहाराचे वेळापत्रक ठरवीत असत.

गंगा ओलांडणे हाच या वाटेचा खरा कठीण प्रसंग होता. उन्हाळ्यात पात्रातील वाळूतून बैलगाड्या उतरत. बैलांची पावले आणि लोखंडी धावेची चाके वाळूत रुतत, तेव्हा पुढच्या गाडीचे बैल सोडून मागच्या गाडीला जुंपायचे, मग सर्वांनी मिळून पुढची ओढायची. पावसाळ्यात गाड्या थांबत आणि माणसे होडीने पैलतीर गाठत. मराठवाड्यातील नदीकाठच्या खेड्यांत होडी नसेल तेथे गूळ शिजवायची काहीलसुद्धा पाण्यात सोडली जाई. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जाणारी मुले तर या शतकातही वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांत दिसली आहेत. पूल झाल्यावर हे सगळे मागे पडले. तरीही जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला की नदीकाठची माणसे आजही पुलाकडे बघत उभी राहतात. ऑगस्ट २००६ मधील पूर या काठाने पाहिला, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने जे पाणी पाहिले ते तर अजून ताजे आहे.

नदीच्या या भागात ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल असे उच्चपातळी बंधारे झाले आहेत. त्यामुळे पूर्वी फाल्गुनातच कोरडे पडणारे पात्र आता लांबवर पाण्याने भरलेले दिसते. मुदगल येथील मुद्गलेश्वराचे देऊळ नदीच्या पात्रात आहे. पूर आला की ते पाण्याने वेढले जाते. नदीच्या दक्षिण तीरावर सोनपेठ तालुका लागतो. वाणीसंगम या गावाचे नावच सांगते की बालाघाटातून उतरलेली वाण नदी येथे गंगेला मिळते. ज्या वाणेच्या काठी सोनपेठ आहे, तीच ही.

सोनपेठच्या नावात ‘पेठ’ आहे, आणि पेठ म्हणजे बाजार. ज्या गावाच्या नावातच व्यापार आला, त्या गावाचे भवितव्य वाटेवर अवलंबून असणार, हे उघड आहे. लोहमार्गापूर्वीच्या काळात या प्रदेशातील मोठी वाहतूक लमाणांच्या तांड्यांकडे होती. शेकडो, प्रसंगी हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते किनाऱ्याकडून मीठ आणीत आणि धान्य, तीळ, कापूस घेऊन जात. रूळ आले तसा त्यांचा धंदा बुडाला, आणि तांडे जागोजाग स्थिरावले. परळी, गंगाखेड, सोनपेठ या भागातील माळांवर आज जे तांडे दिसतात, त्यांतील कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्यांनी बैलांच्या पायांनी हिंदुस्थान पालथा घातलेला आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. दख्खनच्या या काळ्या मातीची किंमत लिव्हरपूलच्या बाजाराला कळली ती त्या चार वर्षांत. त्या आणि त्यानंतरच्या काळात मारवाड, गुजरात आणि खानदेशाकडून व्यापारी कुटुंबे मराठवाड्याच्या मोंढ्यांत येऊन स्थिरावली. ओसवाल आणि खंडेलवाल त्यांत आले, तर सैतवाळ त्यापूर्वीपासून याच मातीतील होते. लातूरला एके काळी भट्टारकांची गादी होती, हे त्या जुन्या वस्तीचे एक गमक. अडत, कापड, किराणा, सराफी असे धंदे त्यांनी धरले. निजामाच्या राज्यात त्यांना दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. राज्यातले चलन हाली रुपया, बाहेरचे इंग्रजी चलन कलदार. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा हाली आणि वर काही आणे. मुंबईहून आलेला कापडाचा गठ्ठा कलदारात विकत घ्यायचा, शेतकऱ्याला तो हालीत विकायचा, आणि शिवाय राज्याच्या सीमेवर करोडगिरीचा नाका चुकता करायचा. आजच्या वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्राला कंटाळणाऱ्या तरुणांनी आजोबांच्या चोपड्या एकदा उघडून पाहाव्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद राज्य भारतात आले आणि पुढे हाली व करोडगिरी या दोन्ही गोष्टी इतिहासजमा झाल्या. एक मात्र तसेच राहिले: सोनपेठहून माल हलवायचा तर काळ्या मातीतून हलवायचा.

या मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या रस्त्याचा खरा इतिहास तिने लिहिला आहे. बेसाल्टचा कातळ झिजून झालेली ही चिकणमाती पाणी पिते आणि फुगते. पाणी आटले की आकसते आणि तिला भेगा पडतात. वैशाखात हात आत जाईल अशा भेगा शेतात सर्वत्र दिसतात. पिकाला हे वरदान आहे, कारण पावसाचे पाणी खोलवर जाते आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलाव्यावर उभी राहते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे वाण दिले ते याच ओलाव्याच्या भरवशावर. रस्त्याला मात्र तीच माती शाप ठरते. वर कितीही गुळगुळीत डांबर घातले, तरी खालची जमीन दरवर्षी एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. कडा खचतात, मधला भाग उचलला जातो, भेगांतून पाणी शिरते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा तयार असतो. टेक्सासच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातही रस्ते आणि घरांचे पाये असेच हलतात. तेथील अभियंतेही चुना मिसळून, जाड भराव घालून तिला शांत करण्याचा प्रयत्न करतात. म्हणून येथे काळी माती उकरून मुरमाचा भराव घालणे, पाणी जाण्यासाठी नाल्या ठेवणे ही कामे डांबराहून महत्त्वाची आहेत. ठेकेदाराला ती दिसत नाहीत आणि उद्घाटनाच्या छायाचित्रातही येत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

डांबरापूर्वी गाडवाट होती. लोखंडी धावेच्या अरुंद चाकांनी पावसाळ्यानंतर वाटेत दोन खोल चर पडत. एकदा गाडी त्या चरांत पडली की ती आपोआप चाले. बाहेर काढणे कठीण. मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द येथूनच आला, आणि चाकोरी सोडणे म्हणजे काय हे ज्याने बैलगाडी हाकली आहे त्यालाच पुरते कळेल. मृगात चार दिवस पाऊस झाला की ही चाकोरीही लुप्त होई. चिखल चाकाला इतका चिकटे की आऱ्यांमधली जागा भरून चाक एखाद्या मातीच्या जात्यासारखे होई, आणि गाडीवान कोयत्याने ते खरवडत चाले. आषाढ ते आश्विन सोनपेठची पेठ आपल्यापुरतीच जगे. म्हणूनच जुना दुकानदार रोहिणीच्या आधी चार महिन्यांचा गूळ, मीठ आणि रॉकेल भरून ठेवी, तर शेतकरी उधारीचे खाते दिवाळीपर्यंत लांबवी. पत हीच त्या चार महिन्यांची खरी वाहतूक होती.

या वाटेच्या संदर्भात जैन श्रावकाच्या आचारधर्मातील दोन-तीन गोष्टी आठवतात, कारण आपल्या आचार्यांनी गाडी, बैल आणि ओझे यांचा विचार फार बारकाईने केलेला आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म ही नावे आहेत. गाड्या बनवून विकणे आणि जनावरे-वाहने भाड्याने लावणे हा धंदा करू नये, असा तो संकेत. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे: मुक्या जनावरावर शक्तीबाहेर भार लादणे. तिसरी गोष्ट दिग्व्रत, कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा. कोरड्या पक्क्या वाटेवर जो भार दोन बैल सहज ओढतील तोच चिखलात अतिभार ठरतो, म्हणून किती पोती भरायची हा प्रश्न हिशेबाचा होता तसाच व्रताचाही. भारताच्या कायद्याने १९६५ च्या नियमांत ओढकाम करणाऱ्या जनावराला दिवसाला नऊ तासांची आणि ३७ अंशांहून जास्त तापमान असलेल्या भागात भर दुपारच्या विश्रांतीची मर्यादा घातली. श्रावकाच्या घरात ती मर्यादा त्याआधी कित्येक शतके शब्दबद्ध होती.

रस्त्याला रस्त्याचे रूप आले ते बहुतांशी संकटातून. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरे चारा छावण्यांकडे किंवा खाटकाकडे गेली, आणि लाखो माणसे सरकारी कामांवर उभी राहिली. नालाबंडिंग, पाझर तलाव आणि रस्ते ही ती कामे. खडी केंद्रावर बायका दिवसभर बसून दगड फोडीत. हातोडीचा एक घाव चुकला की बोट गेले. मापाने खडी मोजून मजुरी मिळे, आणि सोबत सुकडी. मराठवाड्यातील कितीतरी खेड्यांची पहिली मुरमाची सडक त्या वर्षी पडली. पुढे रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि ती सडक दरवर्षी थोडी थोडी वाढली. आज महामार्ग म्हणून ज्यांचे मोजमाप होते, त्यांच्या पोटात भुकेल्या माणसांनी फोडलेली खडी आहे. हे वाक्य अलंकारिक नाही.

सडक झाली तशी एसटी आली. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली होती. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर, १९६१ साली, मराठवाड्यातील सेवा राज्य परिवहन महामंडळात मिळाली. सोनपेठसारख्या गावाला एसटीचे महत्त्व काय, हे शहरातील माणसाला समजावणे अवघड. दवाखाना परळी, अंबाजोगाई किंवा परभणीला. मुलींचे पुढचे शिक्षणही सकाळच्या गाडीवर अवलंबून. रस्ता उखडला की पहिल्यांदा मुक्कामी गाडी बंद होते, मग सकाळची. मुलगी घरी बसते. त्याचवेळी व्यापाऱ्याच्या वहीत दुसरी नोंद होते: खेड्यातील गिऱ्हाईक, ज्याला सोनपेठ जवळ आहे, तो चांगल्या रस्त्यामुळे गंगाखेडला किंवा परळीला जातो. मोंढ्यातील आवक घटण्याचे कारण कधी कधी भाव नसतो, खड्डा असतो.

सोनपेठहून परळीकडे निघाल्यावर जमिनीचा रंग हळूहळू बदलतो. काळी माती पातळ होते, मुरूम वर डोकावतो, आणि दक्षिणेला बालाघाटाची निळसर कड दिसू लागते. माजलगावच्या उजव्या कालव्यामुळे आणि विहिरींमुळे याही भागात ऊस वाढला. सायखेड्याला साखर कारखाना आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो तो फाल्गुन-चैत्रापर्यंत. तेवढे महिने या रस्त्याचे मालक निराळे असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्या. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उचल घेऊन दरवर्षी कोयत्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत फड तोडायचा, गाडी भरायची, आणि दोन टनांहून अधिक ऊस दोन बैलांनी कारखान्यापर्यंत न्यायचा. गाडीच्या मागे मोळ्या इतक्या बाहेर आलेल्या असतात की रात्री मागून येणाऱ्या वाहनाला त्या शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. अतिभारारोपण हा शब्द पोथीत ठेवायचा नसेल, तर हंगामातील एका संध्याकाळी हा रस्ता पाहावा. बैलाच्या मानेवरचे वळ आणि गाडीवर झोपलेले लेकरू दोन्ही तेथे दिसतात.

भार केवळ बैलाला सोसावा लागत नाही, रस्त्यालाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील सपाट गवताळ प्रदेशात, ओटावा गावाजवळ, मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक सतत फिरवले गेले. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट केला की झीज सोळापट. हिशेबात तरबेज असलेल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. २०१८ साली केंद्र सरकारने मालट्रकच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने एका फेरीत जास्त माल, म्हणजे फायदा; पण त्याच चौथ्या घाताने मोजले तर रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. ही झाली कायद्यातील भाराची गोष्ट. मर्यादा ओलांडणाऱ्या ट्रॉलीची गणती कोणी करीत नाही. वाहतूक दरात जे चार पैसे वाचतात, ते खड्ड्यातून टायर, डिझेल आणि पाठीच्या मणक्याच्या रूपाने परत जातात.

परळी जवळ आली की औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी दुरून दिसतात. १९७१ साली येथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. या केंद्राचे आणि सोनपेठचे नाते पाण्याचे आहे: सोनपेठ तालुक्यातील खडका येथे गोदावरीवर असलेल्या बंधाऱ्यातून केंद्राला पाणी जाते. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळांत पाणी संपले आणि वीजनिर्मिती थांबवावी लागली. नदीचे पाणी दक्षिणेला जाते आणि परळीची राख रस्त्याने चहूकडे जाते. वीटभट्ट्या आणि सिमेंटसाठी तिचा उपयोग आहे. पण न झाकलेल्या गाडीतून ती उडते तेव्हा मागच्या दुचाकीस्वाराला समोरचे काही दिसत नाही.

परळीचे श्री वैजनाथ मंदिर उंच चौथऱ्यावर आहे आणि पायऱ्या चढून जावे लागते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला सोनपेठच्या वाटेने पायी येणाऱ्यांची रीघ लागते. अंबाजोगाईची योगेश्वरी, मुकुंदराज आणि दासोपंत यांची स्थाने त्याच्या पुढच्याच टप्प्यावर. पायी चालणाऱ्यांचा हा मार्ग आहे, हे महामार्ग आखणाऱ्यांनी विसरू नये. रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे जातात, आणि उन्हात चालणाऱ्याचा आधारच जातो. नवी रोपे लावली जातात खरी, पण लिंबाची सावली पडायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

पायी चालणाऱ्यांत आपले साधू-साध्वीही आहेत. चातुर्मास संपला की कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो, आणि तोच उसाच्या हंगामाचा प्रारंभ असतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात विहार आणि त्याच वेळी कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या, असा योग दरवर्षी येतो. महामार्गांवर विहाराच्या वेळी झालेल्या अपघातांच्या वार्ता सर्वांनी वाचलेल्या आहेत. जुन्या गाडवाटेवर धोका चिखलाचा होता. गुळगुळीत रस्त्यावर धोका वेगाचा आहे. सूर्योदयानंतरच प्रस्थान, पुढेमागे चालणाऱ्या श्रावकांच्या अंगावर चमकणारी पट्टी, आणि मुक्कामाचे गाव आधी कळवून ठेवणे, ही काळजी मार्गावरील संघांनी घ्यायला हवी. या टप्प्यात पाथरी, सोनपेठ आणि परळी ही तीनच मोठी गावे; मधल्या अंतरात ऊन चढल्यावर थांबायला शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप, एवढाच आसरा.

आता प्रश्न सोनपेठचा. महामार्ग चांगला झाला की गाव वाढते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. रस्ता खराब असताना गिऱ्हाईक नाइलाजाने थांबते आणि रस्ता चांगला झाला की तेच गिऱ्हाईक अर्ध्या तासात परळीला पोहोचते. मग सोनपेठच्या कापड दुकानात उरते ते ‘सुटे’ गिऱ्हाईक. उलट, त्याच रस्त्याने परळी-लातूरचा माल स्वस्तात सोनपेठला येतो आणि आसपासच्या खेड्यांना पेठेतच मिळू लागतो. या दोहोंपैकी काय होईल हे रस्ता ठरवीत नाही. मोंढ्यातील मापात मेळ आहे का, शेतकऱ्याच्या हाती पट्टी त्याच दिवशी पडते का, बी-बियाणे आणि औषध खात्रीचे मिळते का, यावर ते ठरते. पन्नास वर्षांपूर्वी पावसाळ्याचे चार महिने गावाला बांधून ठेवत होते. आता बांधून ठेवायला चिखल नाही.

या वाटेने प्रवास करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी एक सोयीची गोष्ट. परळीहून सोनपेठ, पाथरी, सेलू, देवगाव फाटा असे करीत जिंतूरला जाता येते, आणि जिंतूरजवळच्या टेकड्यांवर श्री क्षेत्र नेमगिरी आहे. तेथील गुंफांतील मंदिरांची दारे लहान, म्हणून वाकून आत जावे लागते. आत भगवान नेमिनाथांची भव्य प्रतिमा, आणि लहानशा पाषाणावर टेकलेली अंतरिक्ष पार्श्वनाथांची विशाल मूर्ती. देवगाव फाट्याहून जिंतूरकडे जाताना चारठाण्याची प्राचीन मंदिरेही पाहून होतात. दिवसाचा प्रवास आहे. दिवाळीनंतर जायचे असेल तर उसाच्या गाड्यांचा अंदाज घेऊन उजाडल्यावर परळी सोडावी, आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन जिंतूरला होईल असा बेत ठेवावा.